सावलीत उभे राहून

आमच्या घरी रात्रीच्या जेवणात ताकभात वाढण्याआधी प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची असा नियम होता. गोष्ट म्हणजे कहाणी नव्हे. जगातली एखादी चमत्कारिक वाटणारी पण खरी बाब. केळीचं झाड हे झाडच नव्हे, खोडात लाकूड नसलेली मोठी वनस्पती आहे. अष्टपाद नावाच्या समुद्रप्राण्याला तीन हृदयं असतात. तंजावूरची डोलणारी बाहुली कितीही पाडली तरी उभी राहते, कारण तिचं सगळं वजन गोल तळात असतं. सांगून झालं की सांगणाऱ्यानं आणखी एक शब्द बोलायचा: पाहिलं, ऐकलं किंवा वाचलं. तो शब्द राहिला तर आई ताकाचं भांडं पुढे नेत असे आणि त्या माणसाला पंगतीच्या शेवटापर्यंत थांबावं लागे.

नियम अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांचे धाकटे भाऊ नागोजीकाका त्यांना अण्णा म्हणत, म्हणून मीही अण्णाच म्हणत असे. ते एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. मुलांच्या वह्या तपासून पुढे पाठवणं हे त्यांचं काम. लंबकाच्या प्रयोगात एखाद्याचं उत्तर पुस्तकातल्याइतकं अचूक आलं की ते वही परत करत. 'हा मुलगा लंबकाकडे पाहिलाच नाही,' एवढंच म्हणत. घरीही त्यांना तीच सवय होती. खरंखोटं ते फारसं विचारत नसत. तुला हे कुठून कळलं, एवढं विचारत.

आमचं घर तंजावूरला, राजवाड्याच्या मागच्या गल्लीत होतं. गल्लीत सात-आठ मराठी घरं, बाकी तमिळ. घरात मराठी बोलायची, दारात तमिळ, आणि हिशोब, शिव्या व परीक्षा यांसाठी ज्याची त्याची भाषा वेगळी. मराठी लिहिता-वाचता आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं. देवनागरीत मराठी लिहायला मी पुढे पुण्यात एका इंग्रजी वर्तमानपत्रात नोकरीला असताना, तिशी उलटल्यावर शिकले. म्हणून इथे माणसांचं बोलणं मला आठवतं तसं, कानावरून लिहिते आहे. वाचणाऱ्यांना काही रूपं जुनी वाटतील, ती तशीच होती. सकाळी शेजारणींचे रांगोळीसाठी अंगण झाडण्याचे आवाज, मग पितळी डब्याचं झाकण, मग दूर कुंभकोणमच्या बसचा भोंगा, या क्रमानं दिवस उजाडे. आईचं आंबट वरण उकळायला लागलं की चिंचेचा वास ओसरीपर्यंत येई. मार्गळी महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, ताकात मुरवलेलं माहाळी नावाच्या वेलीच्या मुळ्यांचं लोणचं निघे. त्याला ढेकणासारखा वास येतो, आणि तो वास येत नसेल तर लोणचं बिघडलं असं समजतात. ही गोष्टही मी एकदा जेवताना सांगितली होती. शब्द लावला होता, पाहिलं. अण्णांनी तो दुरुस्त केला नाही, पण नाकाला हात लावून दाखवला.

नागोजीकाका मोठ्या देवळात, म्हणजे चोळराजानं बांधलेल्या गावातल्या जुन्या देवळात, गाईड होते. लग्न केलेलं नव्हतं. आमच्याच घरी राहत. दहा-अकरा वर्षं ते देवळाच्या दारात उभे राहून माणसं गोळा करत आणि तमिळ, मराठी, मोडकी हिंदी व पाठ केलेली इंग्रजी यांत देऊळ दाखवत. त्यांच्या गोष्टी सगळ्या एकाच शब्दाच्या असत. सांबार तंजावूरच्या वाड्यात जन्मलं, आमसुलं संपली म्हणून राजानं चिंच घातली, पाहुणा संभाजी म्हणून नाव सांबार. ऐकलं. शिखरावरचा दगड चढवायला कित्येक कोसांवरून मातीचा उतार बांधला होता. ऐकलं.

"राजा सांबार केला म्हणतां," आई विचारी, "भांडीं कोण घासला?"

"तें मी ऐकलों नाही, वहिनी."

ओसरीच्या भिंतीवर एक काळा फळा होता. कॉलेजनं नवे फळे घेतले तेव्हा अण्णांनी जुना मागून आणला होता. आदल्या रात्रीच्या गोष्टींतली एक, अण्णा निवडतील ती, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फळ्यावर तमिळमध्ये लिहायची आणि खाली कोपऱ्यात तिचा शब्द लिहायचा. अण्णा लवकर जात, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझं अक्षर चांगलं होतं. शाळेत जाणारी मुलं थांबून वाचत. समोर फुलं विकणाऱ्या सेल्वीअक्काला वाचता येत नसे; ती रोज मला ओरडून विचारी, "आज काय ग?" आणि मी सांगितलेलं ती दिवसभर गिऱ्हाइकांना सांगत बसे. आमच्या फळ्याचा खप तिच्यामुळे वाढला होता.

त्या वर्षी असं जाहीर झालं की देवळात माहिती सांगणाऱ्यांना यापुढे बिल्ला लागेल. एक अधिकारी येतील, प्रत्येकाबरोबर देवळाला एक फेरी मारतील, हातातल्या कागदावरून प्रश्न विचारतील. पास होईल त्याला बिल्ला. बिल्ला नाही त्याला दाराच्या आत माणसं घेऊन उभं राहता येणार नाही. काकांकडे दुसरं काम नव्हतं आणि दुसरं काही त्यांना येतही नव्हतं. ते मागच्या अंगणात विहिरीजवळ उभे राहून नारळाच्या झाडाला देऊळ दाखवू लागले. आई भांडी विसळता विसळता मधेच प्रश्न विचारी. नंदी केवढ्याचा, कोणत्या राजानं काय बांधलं, कळसाचा आकार कसला. काकांना सगळं येत होतं.

मासी महिन्यातला, म्हणजे साधारण माघ-फाल्गुनातला, एक शनिवार. काका डबा विसरले होते. आईनं दहीभात आणि लिंबाचं लोणचं बांधून मला देवळात पाठवलं. अकरा वाजले होते. चपला दाराबाहेर ठेवाव्या लागतात, आणि त्या महिन्यात अकराला आतली फरसबंदी तव्यासारखी होते. मी टाचांवर पळत मागच्या बाजूला गेले. सुब्रह्मण्याच्या देवळाजवळ काका वीसएक माणसांना घेऊन उभे होते. सोलापूरकडच्या शिक्षकांची सहल होती, त्यामुळे काका मराठीत बोलत होते आणि खुशीत होते.

"अहो, तुमचं मराठी किती जुनं!" एक बाई म्हणाल्या.

"देऊळ जुनें, मराठी जुनें," काका म्हणाले, "मी मात्र नवा आहें. इकडं या, इकडं. तिकडं उभे राहूं नका, फत्तर तापलाय. पाय भाजतील."

सगळे दोन-चार पावलं सरकून त्यांच्या भोवती आले. काकांनी हात वर केला आणि विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या त्या उंच शिखराकडे, बोट दाखवलं. शिक्षकांच्या माना वर गेल्या.

"अस्की जगांत असलं एकच. सूर्य कोठेंही असो, ह्या विमानाची सावली भुईवर पडत नाही."

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत होते. शाळेत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. तंजावूरमध्ये ते सगळ्यांना माहीत असतं. मीही त्या क्षणी वर पाहिलं असतं, पण माझ्या हातातला डबा कलंडत होता म्हणून मी खाली पाहिलं. माझे पाय गार दगडावर होते. एका पावलापलीकडे दगड पांढरा पडला होता. मी एक पाय तिकडे ठेवला आणि उचलला. मग त्या कडेनं चालायला लागले, एक पाय गार, एक पाय तापलेला. कड सरळ नव्हती. ती पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत गेली, मग गोल झाली, आणि गोलाच्या टोकाशी एक छोटा कळस होता. वीस शिक्षक आणि नागोजीकाका विमानाच्या सावलीत उभे होते, आणि विमानाला सावली नाही हे ऐकत होते.

मी डबा देऊन घरी आले. रात्री माझी पाळी आली तेव्हा सांगितलं, "मोठ्या देवळाच्या विमानाची सावली पडते. पाहिलं."

आईचा हात ताकाच्या भांड्यावर थांबला. काका हसले. "उगे अस. लेंकराला काय कळतंय."

"किती वाजलेले?" अण्णांनी विचारलं.

"अकरा."

"सूर्य कोठें होता?"

"पूर्वेकडं. जरासा दक्षिणेला."

"सावली?"

"उलटीकडं. सुब्रह्मण्याकडं. कळसही दिसला. काका तिच्यांतच उभे होते."

अण्णा भात कालवू लागले. काका आता हसत नव्हते. "अण्णा, लोक तें ऐकायलाच येतात," ते म्हणाले. "नंदी बघतात, दगड बघतात, मग विचारतात, सावलीचं काय तें सांगा. मी नाही सांगट्लों तर दुसरा सांगेल. आणि पुढल्या आठवड्यांत परीक्षा."

"परीक्षा होऊं दे," आई मला म्हणाली. "मग लिही. सावली कोठें पळून जातीय?"

मी अण्णांकडे पाहिलं. नियमाप्रमाणे 'पाहिलं' हे 'ऐकलं'च्या वर होतं. असा प्रसंग आला तर पाहिलेली गोष्ट फळ्यावर जायची. पण कोणती लिहायची हे अण्णा ठरवत. त्या रात्री त्यांनी ठरवलं नाही. हात धुताना ते म्हणाले, "फळा तिचा आहे." त्या वेळी मला तो मान वाटला. पुढे संपादकांना हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोलताना मी अनेकदा ऐकलं, तेव्हा त्याचा अर्थ कळला.

मी लिहिलं. मोठ्या देवळाच्या विमानाची सावली जमिनीवर पडते, शनिवारी सकाळी अकरा वाजता सुब्रह्मण्याच्या देवळाजवळ, पाहिलं. पुढच्या चाळीस वर्षांत मी तपासलेल्या बहुतेक बातम्यांपेक्षा ती नीट होती. काय, कुठे, केव्हा, कुणी पाहिलं, सगळं होतं. परीक्षा झाल्यावर लिहिली असती तरी ती तितकीच खरी राहिली असती. मी थांबले नाही याचं कारण साधं होतं. तोवरच्या माझ्या गोष्टी वाचलेल्या किंवा लोणच्याच्या वासाच्या होत्या. ही मोठी होती आणि माझी होती.

सेल्वीअक्कानं नेहमीप्रमाणे विचारलं. मी सांगितलं. तिच्या हातातला दोरा थांबला.

"तुझ्या काकानंच मला सांगितलं पडत नाही म्हणून. मी सुनेला सांगितलं. तिनं माहेरी पापनाशमला सांगितलं. आता तिथं जाऊन कोण खोडणार? तू?"

पण इकडची बातमी तिनंच पसरवली. दुपारपर्यंत ती देवळाच्या दारात पोचली होती. तिथे बिल्ल्याच्या परीक्षेला बसणारे आणखी चार-पाच जण होते. त्यांतल्या एकानं काकांना सगळ्यांसमोर विचारलं, "काय राव, तुमच्या पुतणीला सावली दिसते म्हणे. तुम्हाला चष्मा हवा का?" काका घरी आले ते ओसरीवरच बसले. फळ्याकडे पाठ करून. त्या रात्री, आणि पुढे तीन रात्री, आईनं त्यांचं ताट ओसरीवर नेलं. आत आम्ही गोष्टी सांगितल्या नाहीत. आई कोणाला न विचारता ताक वाढत होती. फळा मी पुसला होता, पण नवं काही लिहिलं नव्हतं, आणि पुसलेल्या खडूतून जुनी अक्षरं अजून वाचता येत होती.

परीक्षेच्या दिवशी काका इस्त्रीचा पांढरा सदरा घालून गेले. दुपारी दोनला परतले. सदरा काढून खुंटीला लावला, विहिरीवर पाय धुतले आणि चार दिवसांनी प्रथमच आत येऊन पाटावर बसले. आईनं वाढलं. अण्णा त्या दिवशी रजा घेऊन घरी होते. काकांनीच सांगितलं.

"साहेब छत्री आणले नव्हते. ऊन भारी होतं. मी म्हटलों, साहेब, इकडं सावलींत या. आले. कागद काढले. नंदी विचारले, सांगट्लों. राजे विचारले, सांगट्लों. मग म्हणाले, ह्या विमानाचं वैशिष्ट्य काय? मी दगडाचं सांगट्लों, कळसाचं सांगट्लों. म्हणाले, आणखी? सावलीचं?"

"मग?" अण्णा म्हणाले.

"काल सकाळीं मी जाऊन पाहिलों, अण्णा. दहापासून अकरापर्यंत. एकटाच. दहा-अकरा वर्षं तिच्यांत उभा राहिलों आणि कधीं खालीं पाहिलों नाही." काका माझ्याकडे न बघता भात कालवत होते. "म्हणून सांगट्लों. पडते साहेब. आपण तिच्यांतच उभे आहों."

"साहेब खालीं पाहिले?" आईनं विचारलं.

"नाही. कागदाकडं पाहिले. कागदावर 'पडत नाही' होतं."

यादी महिन्याभरानं लागली. तीत काकांचं नाव नव्हतं. चष्म्याबद्दल विचारणाऱ्याचं होतं. एका प्रश्नानं ते नापास झाले की आणखी कशानं, हे कळायला मार्ग नव्हता, आणि माझ्या धंद्याच्या सवयीनं मला ते इथे नोंदवावं लागतं. घरात मात्र कोणालाच शंका नव्हती. अण्णांनी बिल्ले देणाऱ्या कार्यालयाला सावलीची आकृती काढून इंग्रजीत पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. त्यांनी फळा खिळ्यावरून उतरवला आणि तोंड भिंतीकडे करून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवला. काका राजवाड्याजवळच्या एका बाहुल्यांच्या दुकानात बसायला लागले. गिऱ्हाईक आलं की डोलणारी बाहुली बोटानं पाडून दाखवायची, ती उठायची, पुन्हा पाडायची. संध्याकाळी येऊन ते माझ्याशी बोलत, पण देवळाचं काही बोलत नसत. मी त्यांची क्षमा मागितली नाही. मला खरं बोलल्याची क्षमा कशी मागतात ते माहीत नव्हतं, आणि अजूनही ते नीट कळलेलं नाही.

चित्तिरै महिन्यात, एप्रिलच्या मध्याला, अण्णांनी मागच्या अंगणात एक काठी ओळंबा लावून सरळ रोवली. रविवार होता. त्यांनी काकांना आणि मला भर बारानंतरच्या उन्हात बोलावलं. काठीची सावली आखडत आखडत बुंध्याशी आली आणि काही मिनिटं दिसेनाशी झाली. सूर्य नेमका डोक्यावर होता. आपल्या गावावर तो वर्षातून दोनदा असा येतो, अण्णांनी सांगितलं. त्या दिवशी भरदुपारी विमानाचीही सावली त्याच्याच पायात राहत असेल. कोणीतरी कधीतरी ते पाहिलं असेल आणि सांगितलं असेल, आज सावली पडली नाही. पुढच्यानं 'आज' गाळलं असेल.

"फक्त विमानाचीच नव्हे," अण्णा म्हणाले. "काठीची, नारळाची, अस्की उभ्या वस्तूंची."

काका स्वतःच्या पायांकडे बघत उभे होते. त्यांच्या भोवती सावली नव्हतीच म्हणायची; पावलांखाली काय असेल तेवढी. मग ते म्हणाले, "म्हणजे मलाही चोळराजाच बांधला म्हणायचं."

आई चुलीपाशी होती, तिथून तिचं हसू ऐकू आलं. मग अण्णा हसले. मीही हसले, पण जरा उशिरानं, परवानगी मिळाल्यासारखं.

पुढल्या वर्षी बिल्ल्याची परीक्षा पुन्हा झाली. काका बसले. त्या रात्री ते पंगतीला आले ते सदऱ्यावर बिल्ला लावूनच. साहेब तेच होते, कागदही तोच असावा. पंगतीत एक वर्ष कोणी गोष्ट सांगितलेली नव्हती. आईनं ताकाचं भांडं उचललं तेव्हा काकांनी हात आडवा केला.

"थांबा, वहिनी. माझी गोष्ट आहे. मोठ्या देवळाच्या विमानाची सावली भुईवर पडत नाही."

अण्णांनी मान वर केली. आई भांडं धरून उभी राहिली.

"ऐकलं," काका म्हणाले, आणि ताकासाठी ताट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी फळा पुन्हा टांगला. मी केळीचं लिहिलं. ती गोष्ट जुनी होती, पण कोणी हरकत घेतली नाही. काकांनी त्यानंतर म्हातारपणापर्यंत ते काम केलं. माणसांना त्याच ठिकाणी, सावलीत बोलवायचे, आणि म्हणायचे, "लोक म्हणतात, ह्याची सावली पडत नाही." मग थोडं थांबायचे. माना वर जायच्या. कधीतरी एखादं पोर खाली बघे आणि मग काकांकडे बघे. घरी येऊन ते आम्हाला सांगत, आज एकानं पाहिलं. बहुतेक दिवशी कोणी पाहिलेलं नसे.

मी बातम्यांच्या टेबलावर चाळीस वर्षं काढली. दर काही महिन्यांनी कुठल्यातरी पुरवणीच्या मजकुरात, 'तुम्हाला माहीत आहे का' अशा चौकटीत, ते वाक्य यायचं. मी ते काढून टाकायचे. माझ्या सुट्टीच्या दिवशी ते छापून यायचं. आता ते लोकांच्या फोनवर येतं, आणि फोनमध्ये काढायला कोणी बसलेलं नसतं.

गेल्या मासीत मी तंजावूरला गेले होते. काका नाहीत, अण्णा-आई नाहीत, आमच्या घराच्या जागी दुचाकी दुरुस्तीचं दुकान आहे. देवळात पोचायला अकरा वाजले. चपला ठेवून मी आत गेले आणि टाचांवर चालत मागच्या बाजूला वळले. या वयात पळता येत नाही. सुब्रह्मण्याच्या देवळाजवळ एक तरुण मुलगी, गळ्यात बिल्ला, हातात छोटा ध्वनिक्षेपक, तीसएक माणसांना तमिळमध्ये तेच सांगत होती. सगळे वर बघत होते. मी कडेला, उन्हात थांबले. काय बोलायचं ते मला चांगलं माहीत होतं. वेळ, जागा, दिशा, सगळं तोंडात तयार होतं. तेवढ्यात तिचं माझ्या पायांकडे लक्ष गेलं. बोलणं मधेच थांबवून, ध्वनिक्षेपक बाजूला करून ती म्हणाली, "अम्मा, तिथं उभ्या राहू नका, पाय भाजतील. इकडे सावलीत या."

मी गेले.